सहकारी गेल्यावर शाखा कशी सावरायची?

घरातला माणूस गेला तर काय करायचे हे समाजाला ठाऊक असते. शेजारी धावून येतात, कुणीतरी पिठले-भाकरी आणून ठेवते, गावोगाव निरोप जातात, पुण्यानुमोदनाचा दिवस ठरतो. रडायला जागा मिळते आणि खांदाही मिळतो. पण ज्याच्या शेजारच्या टेबलावर बसून आपण वीस वर्षे काम केले, ज्याच्या डब्यातली चटणी आपण हक्काने घेतली, तो सहकारी कालकथित झाला तर काय? त्याचे दुःख करायचे कुठे? दुसऱ्या दिवशी साडेदहाला मस्टरवर सही करावीच लागते. टपाल येतच राहते. समोरच्या खिडकीवर रांग लागलेलीच असते.

आपण कारकून माणसे, म्हणून थोडा हिशेब मांडू. वर्षाचे कामाचे दिवस २४० धरले आणि रोजचे आठ तास, तर वीस वर्षांत ३८,४०० तास होतात. म्हणजे रात्रंदिवस धरून सलग १,६०० दिवस, जवळपास चार वर्षे साडेचार महिने. इतका काळ आपण सख्ख्या भावाबरोबर तरी घालवतो काय? तरीही रजेच्या नियमात भावासाठी थोडीफार जागा सापडते, सहकाऱ्यासाठी सापडत नाही. अर्धा दिवस कामकाज बंद, दोन मिनिटे स्तब्धता, फोटोला हार, आणि मग 'चला, कामाला लागा.'

अमेरिकेतील अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली एक ग्रंथ संपादित केला. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही, अशा दुःखाविषयी तो आहे. अशा शोकाकुल माणसाला 'तू त्यांचा कोण लागतोस?' असे विचारले जाते, आणि त्यामुळे तो मनातल्या मनात कुढत राहतो. सहकाऱ्याचे दुःख याच जातीचे आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या साधे हक्कही मान्य केले गेले नाहीत, त्या आपल्या समाजाला तरी ही गोष्ट फोडून सांगायला नको.

वाचक बंधू-भगिनींनो, हा लेख विशेषतः त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्या हाताखाली चार माणसे आहेत. मग तो हेडक्लार्क असो, सफाई कामगारांचा मुकादम असो, शाळेची मुख्याध्यापिका असो, दवाखान्यातील वॉर्डाची मुख्य परिचारिका असो, की एखाद्या महिला मंडळाची अध्यक्षा. आपल्यातला एक गेला की सगळे प्रथम यांच्या तोंडाकडे पाहतात. वरिष्ठ विचारतात, 'काम कधी पूर्ण होईल?' सहकारी विचारतात, 'आता कसे व्हायचे?' दोन्ही प्रश्न खरे आहेत. माझे म्हणणे एवढेच, की या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी नाहीत. गेलेल्या माणसाचे राहिलेले काम आणि त्याच्या घरच्यांचे काम सर्वांनी मिळून, उघडपणे आणि नीट पार पाडणे, यातच शाखेचे दुःखही हलके होते.

उक्काचेला येथील सभा

या प्रसंगाचे फार जवळचे उदाहरण धम्माच्या वाङ्मयात आहे. संयुत्त निकायातील लागोपाठच्या दोन सुत्तांत ते येते. सारिपुत्त आणि महामोग्गल्लान हे तथागतांचे दोन अग्रश्रावक. संघाला शिकवण्याचा आणि सांभाळण्याचा मोठा भार या दोघांवर होता. सारिपुत्तांचे निधन मगध देशात नालक गावी झाले. चुंद नावाचा श्रामणेर त्यांचे पात्र आणि चीवर घेऊन श्रावस्तीला आला. ही वार्ता ऐकून आनंदाचे अंग गळून गेले. दिशा सुचेनात, शिकलेलेही आठवेना. आपली ही अवस्था त्याने तथागतांपुढे जशीच्या तशी सांगितली.

'भिक्खू असून तू असा कसा?' असे म्हणून तथागतांनी त्याला झिडकारले नाही. त्यांनी विचारले, की सारिपुत्त जाताना तुझे शील, तुझी समाधी, तुझी प्रज्ञा बरोबर घेऊन गेला काय? आनंद म्हणाला, नाही. पण ते आम्हाला शिकवणारे होते, साहाय्य करणारे होते, त्याची आठवण येते. मग तथागतांनी त्याला अनित्यतेची जाणीव दिली आणि दुसऱ्या कुणाच्या आधारावर न राहता स्वतःच स्वतःचा आधार होण्यास सांगितले.

पुढे मोग्गल्लानही गेले. त्यानंतर वज्जींच्या प्रदेशात, गंगेच्या काठी उक्काचेला येथे, भिक्खुसंघ उघड्यावर बसला होता. तथागतांनी शांतपणे सर्व संघावरून नजर फिरवली आणि सांगितले, की या दोघांच्या जाण्याने ही सभा मला रिकामी वाटते आहे.

यातून प्रमुखाने घेण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. पहिली, त्यांनी पोकळी लपवली नाही, सर्वांसमक्ष बोलून दाखवली. दुसरी, ज्याचे मन सर्वांत अधिक कोसळले होते त्याला लाजवले नाही. तिसरी, गेलेल्याने काय नेले आणि आपल्याजवळ काय ठेवले, हा हिशेब त्यांनी मांडायला लावला. ज्यांची आसक्ती संपली होती त्यांनाही सभा रिकामी दिसली. मग हेडक्लार्कने दगडासारखे राहावे, असा आग्रह कशासाठी?

पहिला दिवस

बातमी कळताच शाखेतील सर्वांना एका ठिकाणी बोलवावे आणि साध्या, स्पष्ट शब्दांत सांगावे. व्हॉट्सअॅपवरून किंवा चहाच्या टपरीवरून ही बातमी कुणाला कळता कामा नये. जो त्याचा सर्वांत जवळचा मित्र असेल त्याला आधी बाजूला घेऊन सांगावे. रजेवर असलेल्यांना आणि बदलून गेलेल्या जुन्या सहकाऱ्यांना प्रमुखाने स्वतः फोन करावा. शिपाई, सफाई करणाऱ्या मावशी, कंत्राटी ऑपरेटर यांनाही त्याच वेळी, त्याच खोलीत सांगावे. बहुतेक कार्यालयांत गेलेल्या माणसाशी रोज सर्वांत अधिक बोलणारा माणूस शिपाईच असतो आणि त्यालाच बातमी शेवटी कळते.

मृत्यूच्या कारणाविषयी घरच्यांनी जेवढे सांगायला सांगितले असेल तेवढेच सांगावे. माणसाने स्वतःचा जीव घेतला असेल तर येथे अधिकच जपावे. कसे, कुठे, कशामुळे याची चर्चा शाखेत होऊ देऊ नये, तर्क लढवू देऊ नयेत. 'ते गेले, आपल्याला फार दुःख झाले आहे आणि आपल्यापैकी कुणालाही असे काही वाटत असेल तर त्याने माझ्याशी बोलावे,' एवढे पुरे.

त्यानंतर कामाचे पाहावे. आज न केल्यास कुणाचे तरी नुकसान होईल असे काम कोणते? रोखपालाची खिडकी, पगाराचे देयक, न्यायालयाची तारीख, दवाखान्यातील पाळी. अशी कामे दोन-तीनच निघतात. तेवढी चालू ठेवावीत, बाकीची उद्यावर टाकावीत, आणि हा निर्णय वरिष्ठांना लेखी कळवावा. अंत्यसंस्काराला कोण जाणार आणि खिडकीवर कोण थांबणार हे विचारून ठरवावे. थांबण्याची पाळी दरवेळी शिपायावर किंवा कंत्राटी मुलावर येऊ नये.

घरी जाणे

एक गोष्ट थोडी कडू असली तरी लिहितो. वीस वर्षे एकत्र चहा घेतलेल्या सहकाऱ्याच्या घराचा पत्ता पुष्कळांना त्याच्या अंत्ययात्रेच्या दिवशी प्रथमच विचारावा लागतो. कुणाचे घर वस्तीत असते, कुणाचे चाळीत, कुणाचे दूरच्या उपनगरात. काही जण कार्यालयात गळ्यात गळा घालतात, पण घराच्या उंबरठ्यापर्यंत येत नाहीत. त्यामागचे कारण दरवेळी अंतरच असते असे नाही. म्हणून प्रमुखाने स्वतः जावे आणि सर्वांना बरोबर घेऊन जावे. प्रमुख गेला की न जाणाऱ्यांनाही जावे लागते.

तेथे गेल्यावर आपली रीत लादू नये. घर बौद्ध असेल तर वंदना होईल, जलदान विधी होईल. हिंदू असेल तर दहावे-तेरावे होईल. मुस्लिम असेल तर दफनाची घाई असेल. ख्रिस्ती असेल तर प्रार्थना होईल. 'आम्ही काय करावे?' असे घरच्यांनाच विचारावे. घरी बसलेल्या भगिनीला 'आता मुलांकडे पाहून रडू नका' असा उपदेश करू नये. त्यापेक्षा ते कार्यालयात काय बोलत, कशावर हसत, मुलीच्या निकालाचे पेढे त्यांनी कसे वाटले, हे सांगावे. घरच्यांना माणसाचा हा अर्धा दिवस कधी दिसलेलाच नसतो. त्यांना तो आपणच देऊ शकतो.

वर्गणी जमवायची असेल तर बंद पाकिटात जमवावी. कुणी किती दिले याची यादी फिरवू नये. यादी फिरली की हजार देणारा मोठा आणि पन्नास देणारी मावशी लहान ठरते.

टेबल, खण आणि मस्टर

मी ज्या संस्थेच्या लेखाशाखेत काम करतो, तेथे २०१७ च्या मार्च महिन्यात आमचे एक ज्येष्ठ सहकारी हृदयविकाराने गेले. त्यांना आम्ही सगळे 'भाऊ' म्हणत असू. वय ४९. आम्ही शाखेत सात जण, आणि शाखेची जबाबदारी माझ्याकडे. मार्च अखेर म्हणजे काय हे लेखाशाखेतील माणसाला सांगायला नको. रोजकीर्द, खतावणी, बँकेचा ताळमेळ, थकलेली देयके, सगळे एकाच वेळी अंगावर आलेले असते. भाऊंच्या टेबलावर ठेकेदारांच्या देयकांचा गठ्ठा होता आणि ३१ तारखेला नऊ दिवस उरले होते. वरून निरोप आला, की आजच टेबल रिकामे करून दुसऱ्या माणसाला बसवा.

आम्ही थोडे वेगळे केले. अंत्यसंस्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांना बसवून मी सांगितले, की भाऊंचे टेबल सोमवारी उघडू. तोपर्यंत त्यावरच्या फायलींतली फक्त तातडीची फाईल मी सर्वांसमक्ष काढून घेतो. सोमवारी दोघांनी मिळून खण उघडला आणि वस्तूंची यादी केली. चष्मा, गोळ्यांची डबी, मुलीच्या शाळेच्या फीची पावती, जुनी डायरी, कुलपाच्या किल्ल्या. घरच्या वस्तू एका पिशवीत आणि कार्यालयाच्या दुसऱ्या पिशवीत ठेवल्या, यादीवर दोघांच्या सह्या घेतल्या आणि घरची पिशवी मी व त्यांचे मित्र असलेले रोखपाल असे दोघांनी घरी नेऊन दिली. पिशवी शिपायाच्या हाती पाठवली नाही.

मग गठ्ठा. ४१ देयके निघाली. त्यांची यादी फळ्यावर लिहिली आणि प्रत्येकाने आपल्या नावापुढे मावतील तेवढी घेतली. कुणाला दहा झेपली, कुणाला तीन. जो सर्वांत हुशार असतो त्याच्याच डोक्यावर सगळे टाकण्याचा मोह अशा वेळी होतो. तो टाळावा, नाहीतर महिन्याभरात दुसरा माणूस आजारी पडतो. आणखी एक नियम आम्ही केला. त्या महिन्यात प्रत्येक बेरीज दोघांनी तपासायची. दुःखात माणसाचे लक्ष उडते, एकाच आकड्याकडे तीनदा पाहिले तरी तो चुकीचा वाचला जातो. हा त्या माणसाचा आळस नव्हे. दोघे मिळून बेरीज करताना भाऊंची गोष्ट निघायची. 'हा शेरा बघ, भाऊंनी लाल शाईने केलाय.' कुणी डोळे पुसायचे, पुन्हा आकडे सुरू व्हायचे. ३१ मार्चला रात्री साडेनऊला शेवटचे देयक गेले. त्या रात्री पाण्याची बाटलीसुद्धा कुणी भाऊंच्या टेबलावर ठेवली नव्हती.

मस्टरचा प्रश्न त्याहून अवघड होता. भाऊंचे नाव तिसऱ्या क्रमांकावर. रोज सकाळी प्रत्येकाला त्या रिकाम्या चौकटीशेजारी सही करावी लागत होती. महिना संपेपर्यंत आम्ही नाव खोडले नाही. निधनाच्या तारखेपुढे रीतसर शेरा लिहिला आणि एप्रिलचे मस्टर नव्याने आखले. आखण्याआधी सर्वांना सांगितले, की उद्यापासून क्रमांक बदलतील. आधी सांगितल्याने घाव थोडा तरी कमी बसतो.

अर्धवट राहिलेले काम पूर्ण करणे ही जाणाऱ्याला सर्वांत खरी आदरांजली आहे. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले आणि 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. मागे राहिलेल्यांनी तो लोकांच्या हाती दिला म्हणूनच आज तो घराघरांत आहे.

घरच्यांचे कागद हे शाखेचेच काम

भाऊंच्या पत्नी प्रथम कार्यालयात आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी होती आणि तीत सगळे कागद एकत्र कोंबलेले. 'यातले काय लागते ते तुम्हीच बघा भाऊजी,' एवढेच त्या म्हणाल्या. अशा भगिनीला या टेबलावरून त्या टेबलावर फिरवणे हा अन्याय आहे. शाखेतील एकाने तिचा कागद हाती घ्यावा आणि शेवटपर्यंत सोडू नये. आमच्याकडे हे काम सर्वांत तरुण लिपिकाने मागून घेतले. त्याला भाऊंनीच खतावणी शिकवली होती.

यासाठी काही गोष्टी प्रत्येक प्रमुखाला माहीत हव्यात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. मृत्यू दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्याव्यात, प्रत्येक ठिकाणी लागतात. ग्रॅच्युइटीसाठी एरवी पाच वर्षे सेवेची अट असते, मृत्यू झाल्यास ती लागत नाही. शेवटच्या पगाराला, म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्त्याला, २६ ने भागावे, १५ ने गुणावे आणि सेवेच्या वर्षांनी गुणावे. २६,००० रुपये पगार आणि १८ वर्षे सेवा असेल तर २,७०,००० रुपये होतात. ही रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवी.

जेथे भविष्यनिर्वाह निधी कापला जातो तेथे तीन वेगळे हक्क असतात आणि पुष्कळांना एकच माहीत असतो. पहिला, जमा झालेला निधी. दुसरा, १९९५ च्या योजनेतील कुटुंबाचे निवृत्तिवेतन. सेवेत असताना मृत्यू झाला तर एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी ते मिळते. तिसरा, निधीला जोडलेला विमा. २०२१ पासून त्याची कमाल मर्यादा ७ लाख रुपये आहे. कंत्राटी कामगाराचाही निधी कापला जात असेल तर त्याच्या घरच्यांना हे तिन्ही हक्क आहेत. 'तो आमचा माणूस नव्हता, ठेकेदाराचा होता' असे म्हणून आपण मोकळे होतो, ते योग्य नाही.

बँकेचे पासबुक नीट वाचावे. वर्षाला ४३६ रुपये कापल्याची नोंद असेल तर प्रधानमंत्री जीवनज्योती योजनेचा २ लाखांचा विमा असतो. २० रुपये कापल्याची नोंद असेल तर अपघाती मृत्यूसाठी सुरक्षा योजनेचा २ लाखांचा विमा असतो. सरकारी आणि निमसरकारी नोकरीत अनुकंपा तत्त्वावरील नेमणुकीसाठी अर्जाची मुदत असते. ती आस्थापना शाखेकडून लेखी विचारून घ्यावी. सफाई कामगारांच्या वारसांसाठी लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे वेगळी तरतूद आहे. ती मुकादमाला पाठ हवी.

आणि नामनिर्देशन! भाऊंनी नोकरीला लागताना, लग्नाआधी, आईचे नाव दिले होते. ते कागद तसेच होते. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेत लग्नाआधीचे नामनिर्देशन लग्नानंतर चालत नाही, नवे करावे लागते. आमच्या तरुण लिपिकाने सासू आणि सून दोघींना शेजारी बसवून प्रत्येक कागद वाचून दाखवला. पैशावरून घर फुटायला वेळ लागत नाही. दोघींना एकाच वेळी, एकच गोष्ट सांगितल्याने ते टळले. पुढच्या आठवड्यात शाखेतील सर्वांनी आपापले नामनिर्देशन तपासले. सातांपैकी तिघांचे जुने निघाले.

मृत्यू कामावरच झाला तर

मुकादम आणि गँगच्या प्रमुखांवर याहून कठीण वेळ येते. गटारात, रुळावर, यंत्रावर आपला माणूस डोळ्यांदेखत जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी काम करायला सांगितले जाते. येथे नुसते सांत्वन पुरत नाही. कारण शोधले जाईपर्यंत आणि साधने मिळेपर्यंत माणसे त्या जागी उतरवू नयेत, असे स्पष्ट सांगणे हेच प्रमुखाचे कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली, १९९३ पासून गटारात मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारातील मृत्यूची भरपाई ३० लाख केली. पण भरपाईने माणूस परत येत नाही. त्या दिवशी कोण उपस्थित होते, कुणी उतरायला सांगितले, कोणती साधने नव्हती, हे प्रमुखाने त्याच दिवशी लिहून ठेवावे. महिन्याने साक्षी बदलतात, लिहिलेले बदलत नाही.

नवा माणूस

काही महिन्यांनी त्या खुर्चीवर कुणीतरी येतेच. आमच्याकडे जुलैमध्ये एक मुलगी आली. तिचा काही दोष नसताना अशा माणसाला पुष्कळ सोसावे लागते. 'भाऊ असे करत नसत', 'भाऊंच्या वेळी हे दोन मिनिटांत व्हायचे', असे टोमणे नकळत जातात. म्हणून ती येण्याआधीच मी शाखेत बोललो आणि पहिल्या दिवशी तिलाही सांगितले, की या जागेवर भाऊ बसत, त्यांना जाऊन चारच महिने झाले, आम्ही मधूनमधून त्यांचे नाव घेऊ, ते तुला हिणवण्यासाठी नव्हे. तिने तिच्या पद्धतीने नोंदी संगणकावर चढवल्या. भाऊंची लाल शाई गेली, तिचे काम चोख निघाले. जुन्या माणसाची आठवण ठेवण्यासाठी नव्या माणसाला लहान करावे लागत नाही.

प्रमुखाने कुणाकडे जावे?

शेवटी प्रमुखाचे स्वतःचे. सगळ्यांना सावरणाऱ्याला विचारणारे कुणी नसते. त्याने आपले दुःख शाखेत थोडे जरूर दाखवावे, पण सगळा भार हाताखालच्यांवर टाकू नये. शाखेबाहेरचा एक माणूस असावा, संघटनेतला जुना कार्यकर्ता, निवृत्त वरिष्ठ, पत्नी, बहीण. त्याच्यापुढे मोकळे व्हावे.

एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली सांगितलेल्या शोकाच्या पाच पायऱ्या पुष्कळांनी ऐकलेल्या असतात. त्यांनी त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडल्या होत्या. प्रत्येक जण त्याच क्रमाने जातो असे मुळीच नाही. कुणी पहिल्या दिवशी रडतो, कुणी सहा महिन्यांनी फाईल उघडताना. कुणी अजिबात रडत नाही, म्हणून त्याला प्रेम नव्हते असे ठरवू नये.

मात्र काही खुणा ओळखाव्यात. अनेक आठवडे झोप नाही, जेवण सुटले, कामावर येणे टळू लागले, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा तोंडी आली, तर वाट पाहू नये. पुरुष मंडळींत संध्याकाळी 'भाऊंच्या आठवणीत' बसण्याची सवय लागते, तिने पुढे एक घर गेले होते तशी दुसरी घरे जातात. सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक कार्यालयाच्या फळ्यावर लिहून ठेवावा. लिहिलेला असला की कुणाला तो मागण्याची लाज वाटत नाही.

शाखेने वर्षभर तरी त्या घराशी संबंध ठेवावा. जूनमध्ये मुलांच्या शाळेची फी, दहावी-बारावीनंतरचा प्रवेश, जात पडताळणीचे कागद, शिष्यवृत्तीचा अर्ज, अशा वेळी त्या घराला आपली गरज असते, आणि तोपर्यंत सांत्वनाला येणारे सगळे आपापल्या घरी गेलेले असतात. एकाने आठवण ठेवायची आणि बाकीच्यांनी हात लावायचा, एवढी व्यवस्था पुरते. आणि हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घरी विचारावे, की आपले नामनिर्देशन कुणाच्या नावावर आहे आणि ते कागद कुठे ठेवले आहेत, हे घरातील दुसऱ्या माणसाला माहीत आहे काय? माहीत नसेल तर येत्या रविवारी ते काम उरकून घ्यावे. आपल्या माघारी आपल्या सहकाऱ्यांना आणि घरच्यांना तेवढाच आधार होईल.